एक मीटर वीस

हिंगणा एमआयडीसीत, पाण्याच्या टाकीमागच्या शेडमध्ये
मी ड्रम पाडते.
हेच माझं काम.
बाबांना सांगितलं तेव्हा बराच वेळ हसले:
"आमच्या हातून पडलं तं हजेरी कापत होते वो पोरी,
तुले पाडाचा पगार भेटते?"

उंची ठरलेली आहे.
जहाल मालाला एक ऐंशी, मवाळाला शून्य ऐंशी,
मधल्याला एक मीटर वीस.
एकदा टेप घेऊन बाबांना दारात उभं केलं,
छातीशी कवटाळलेला ड्रम सुटला तर कुठून सुटेल?
एक मीटर एकोणीस भरलं.
उरलेला सेंटिमीटर
वाडीच्या ट्रान्सपोर्टनं कधीच उतरवून घेतलाय.

ड्रममध्ये धोका नसतो,
धोक्याच्या वजनाचं पाणी असतं,
गोठू नये म्हणून औषध घातलेलं.
बाहेर नवतपा, सत्तेचाळीस,
आत शीतपेटीत उणे अठरा.
त्या थंडीत प्लास्टिक हट्टी होतं,
वाकण्यापेक्षा तडकणं पसंत करतं.
रुखसार मागच्या कप्प्यात पन्ह्याची बाटली दडवते,
निमजे सर तेवढ्यापुरता चष्मा पुसतात.

ड्रम बाहेर काढला की अंगभर दंव,
साखळीवर तिरका, वजनाचा मध्य
बरोबर खालच्या काठाच्या माथ्यावर.
खटका.
आवाज शेडभर. कबुतरं आता उडतही नाहीत.

जो वाचतो तो पुढे ओझ्याखाली जातो:
अठ्ठावीस दिवस, चाळीस अंश,
डोक्यावर तीन मीटर थप्पीचं वजन.
"चाळीस!" निमजे सर म्हणतात,
"ज्यानं हा आकडा ठरवला ना,
तो मे महिन्यात आपल्या गोदामात आला नसेल."

मग शिक्का. वर्तुळात यू आणि एन,
पुढे आकडे, पुढे वर्ष, देश, बनवणाऱ्याची खूण,
अक्षर बारा मिलिमीटरहून बुटकं चालत नाही.
ड्रमची जात, ड्रमची ताकद,
किती दाब सोसेल, किती जड पाणी पेलेल.
एवढं तर आमच्या आधार कार्डावरही नसतं.

ब्याण्णव साली वाडीत एक कॅन उतरवला बाबांनी.
त्यावर चुन्यानं एकच शब्द: कानपूर.
झाकण कुठेतरी उसवलेलं.
दुखलं किती, ते सांगत नाहीत.
नळाला पाणी नव्हतं, एवढंच सांगतात,
आणि चहावाल्या लक्ष्मणनं
कपबशा धुतलेली बादली ओतली, ते.
मनगटापासून बोटांपर्यंत
कातडी अजून तेलकट कागदासारखी चकाकते.

मागच्या रविवारी एक वाया गेलेलं लेबल घरी नेलं,
आठ नंबरचं: दोन नळ्या, त्यातून थेंब,
खाली एक पट्टी, एक हात, दोन्ही झिजत चाललेले.
बाबांनी चष्मा लावला. लांब धरलं. जवळ धरलं.
"हा डावा हाय का उजवा?"
मला सांगता आलं नाही.
त्यांनी ते फ्रिजवर चिकटवलं,
विजेच्या बिलाच्या शेजारी.

आज बुटीबोरीचा एक ड्रम पडला,
तडा नाही, पोचा नाही,
फक्त झाकणाच्या आट्यांतून
पाच मिनिटांनी एक थेंब.
कंपनीचा माणूस खाली वाकला, रुमालानं टिपणार
एवढ्यात मी पाय पुढे केला.
"एका थेंबाला गळती म्हणता मॅडम?
एवढा तर घामही येतो."
मी तारीख लिहिली, वेळ लिहिली,
नापास लिहिलं,
थेंब कोणत्या बाजूनं आला तेही लिहिलं,
असा रकाना फॉर्ममध्ये नाही.

तो गेल्यावर पन्ह्याची आठवण झाली.
बाटलीत दगड झाला होता पन्ह्याचा.
रुखसारनं ती छातीपर्यंत उचलली
आणि लोखंडी पाटावर सोडून दिली.
फुटली नाही.
"सर," ती ओरडली, "हिला शिक्का द्या."